सही पोराची, माती कोणाची?

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला एका पोराचा फोन आला. आपल्याच भागातला. जळगावात सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं इकडे तिकडे काढली आणि आता परराज्यात एका रस्त्याच्या कामावर सल्लागार कंपनीकडे फील्ड इंजिनिअर आहे. म्हणाला, "काका, भरावाच्या तीन थरांच्या आरएफआयवर सही मागताहेत. मी त्या दोन दिवसांत साइटवरच नव्हतो. टेस्ट झाली की नाही मला माहीत नाही. वर आता पुढचे थर पण पडून गेलेत."

मी विचारलं, मग साहेब काय म्हणतात? तो सरळ अहिराणीवर आला. "सही नही करी ते आज घर, करी ते कधीमधी जेल."

मी स्वतः साइटवर आयुष्य घालवलेला माणूस आहे, पण त्या पोराने एका ओळीत जे सांगितलं ते मला कुठल्या सेमिनारमध्ये ऐकायला मिळालं नव्हतं. त्याच विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रस्त्याचा भराव म्हणजे डंपरने माती ओतली आणि झालं, असं नसतं. केंद्रीय रस्ते मंत्रालयाचं स्पेसिफिकेशन आहे. साधारण २०० मिलिमीटरचा, म्हणजे वीतभर जाडीचा एकेक थर टाकायचा, योग्य तेवढं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. प्रयोगशाळेत त्या मातीची जास्तीत जास्त घनता जेवढी येते, तिच्या निदान ९५ टक्के घनता जागेवर मिळाली पाहिजे. सगळ्यात वरच्या अर्ध्या मीटरला ९७ टक्के. ते तपासायची पद्धतही जुनी आणि साधी आहे. थरात छोटा खड्डा करायचा, निघालेली माती वजन करायची, खड्ड्यात मोजलेली वाळू ओतून त्याचं आकारमान काढायचं, मातीतलं पाणी किती ते बघायचं. ठेकेदार लेखी कळवतो की थर तयार आहे, तपासा. त्या कागदाला आरएफआय म्हणतात. पर्यवेक्षण करणाऱ्याने तपासून सही केली की मगच पुढचा थर. कागदावर तरी असंच आहे.

आता गंमत बघा. स्लॅबचं काँक्रीट खराब असेल तर दहा वर्षांनीही कोअर काढून प्रेस मशीनखाली ठेवता येतो. सळई कमी टाकली असेल तर तोडून मोजता येते. मातीचं तसं नाही. थर खाली गेला की गेला. पाच पावसाळे पाणी प्यायलेला, हजारो ट्रकांनी दाबलेला भराव पुन्हा खणून बघितलात तर त्याची आजची घनता कळेल, थर टाकला त्या संध्याकाळची नाही. कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. मग पुरावा म्हणून उरतो तो एकच, आरएफआयचा कागद आणि त्यावरची सही. आणि ती सही बहुतेक वेळा साइटवरच्या सगळ्यात लहान माणसाची असते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मातीकामाच्या पर्यवेक्षणाची जबाबदारी आपण ज्या माणसावर टाकतो, त्याला काम थांबवायचा अधिकार आपण दिलेलाच नाही. जोपर्यंत हे दोन्ही एका हातात येत नाहीत, तोपर्यंत भराव खचतील, बांध फुटतील आणि पिंजऱ्यात ही पंचविशीतली पोरंच उभी राहतील.

२०१९ चा पावसाळा आठवा. २९ जूनला पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. पलीकडे नव्या इमारतीसाठी खोदकाम चाललेलं होतं आणि भिंतीच्या पायाशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. गुन्हा दाखल झाला तो दोन्ही बाजूंच्या बिल्डरांवर, ठेकेदारांवर, आणि साइट इंजिनिअर व सुपरवायझरवरही. तीन दिवसांनी, २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. मातीचं धरण. गळती आहे म्हणून गावकऱ्यांनी आधी तक्रारी केलेल्या होत्या. आणि त्याच्याही दोन दिवसांनी, ४ जुलैला, कणकवलीत तेव्हाचे काँग्रेसचे आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखलाच्या बादल्या ओतल्या आणि त्याला पुलाला बांधायला निघाले. त्यावर त्यांना अटकही झाली. सहा दिवसांत तीन घटना, तिन्ही मातीच्या.

कणकवलीचा व्हिडिओ आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरला. खरं सांगा, किती जणांनी "बरोबर केलं" म्हणून पुढे पाठवला? मीही तो बघताना क्षणभर गप्प बसलो होतो. कारण लोकांचा राग खोटा नव्हता, रस्ता खरंच वाईट होता. पण तो चिखल ज्याच्यावर पडला त्याने कामाचा दर ठरवला नव्हता, मुदत ठरवली नव्हती, ठेकेदार निवडला नव्हता. समोर सापडला तो.

तिवऱ्याबद्दल तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. सगळ्या महाराष्ट्राने त्यांची टिंगल केली. मला मात्र आजही वाटतं की त्या वाक्याची टिंगल करून आपण चूक केली, ते वाक्य पकडून ठेवायला हवं होतं. मातीच्या बांधात प्राणी बिळं करतात, हे खोटं नाही. घुशी, उंदीर, खेकडे, सगळे करतात. म्हणूनच पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची पाहणी करताना बिळं, झाडं, ओलावा, गढूळ गळती बघायची असते. मग साहेब, खेकड्यांनी पोखरलं असेल तर ती बिळं बघायचं काम कोणाचं होतं? त्याने बघितली का? बघून लिहिलं का? लिहिलं तर ते पत्र कुठल्या टेबलावर थांबलं? खेकडा हे उत्तर नव्हतं, तिथून चौकशी सुरू व्हायला पाहिजे होती. आपण हसलो आणि विषय संपला.

आता कायद्याची बाजू. इथे जरा थांबून वाचा, कारण खरी मेख इथे आहे.

नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षं होती. डॉक्टरांसाठी मात्र नव्या कायद्यातही दोनच वर्षं ठेवली. शिवाय २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढळढळीत निष्काळजीपणा लागतो. इंजिनिअरसाठी अशी पायरी नाही. भिंत पडली की पोलीस स्टेशनचा अधिकारी रजिस्टर उघडतो, सही कोणाची ते बघतो, आणि त्याला उचलतो. त्याला ९५ टक्के घनता म्हणजे काय हे माहीत असायचं कारणच नाही.

सरकारी अधिकाऱ्याला निदान एक छत्री असते. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी त्याच्यावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात कलम १९७, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २१८. छत्री वरच्या अधिकाऱ्यांना, पाऊस मात्र खालच्यांवर. सल्लागार कंपनीच्या पोराला यातलं काहीच नाही. तो ना सरकारी नोकर, ना त्याच्यामागे संघटना. वास्तुविशारदांसाठी १९७२ पासून कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तशी वैधानिक परिषद इतक्या वर्षांत उभी राहिली नाही. म्हणजे चूक केली तर परवाना काढून घेणारं कोणी नाही, आणि खोट्या आरोपात अडकला तर त्याच्या बाजूने तांत्रिक मत मांडणारंही कोणी नाही.

उलट टोकही बघा. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यावर विभागीय चौकशी नव्याने सुरू करायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. महाराष्ट्र निवृत्तिवेतन नियम १९८२, नियम २७. नियम वाईट नाही, म्हाताऱ्या माणसाला किती वर्षं टांगून ठेवायचं? पण मातीच्या बांधाचं आयुष्य पन्नास वर्षांचं आणि दोष बाहेर यायला दहा-पंधरा वर्षं. तोपर्यंत ज्याच्या काळात काम झालं तो कधीच पेन्शनवर असतो, आणि खुर्चीत असतो तो नुकताच बदलून आलेला शाखा अभियंता. निलंबन त्याचं होतं.

बिल्डिंगच्या कामात तर वादच वेगळा. आर्किटेक्टच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की तो अधूनमधून पाहणी करील, रोजचं पर्यवेक्षण त्याचं काम नाही. पण महापालिकेत परवानगी घेताना "हे काम माझ्या देखरेखीखाली होईल" अशा छापील नमुन्यावर आर्किटेक्टने किंवा परवानाधारक इंजिनिअरने सही दिलेली असते. तळघराचं खोदकाम शेजारच्या पायाला लागून खाली गेलं आणि शेजाऱ्याची भिंत तडकली की दोन्ही कागद बाहेर येतात. मालक म्हणतो देखरेख तुझी, इंजिनिअर म्हणतो मी फक्त भेटी द्यायचो, ठेकेदार म्हणतो जेसीबीवाला माझा नव्हताच. खोदकामाच्या आधी शेजारच्या घराचे फोटो काढून ठेवले होते का, हे विचारलं की सगळे गप्प. जळगाव-धुळ्यात आता गल्लीबोळात तळमजल्याखाली पार्किंग निघतंय. आजूबाजूला मातीच्या भिंतींची जुनी घरं. मी स्वतः परवानाधारक इंजिनिअरांना सांगतो, फी सोडा, पण खोदकामाला आधार देण्याचा आराखडा दिल्याशिवाय त्या नमुन्यावर सही करू नका. ऐकतात किती जण, ते सोडून द्या.

केरळचं एक उदाहरण ताजं आहे. १९ मे २०२५ ला मलप्पुरम जिल्ह्यात कुरियाडला राष्ट्रीय महामार्ग ६६ चा उंच भराव खचला. भातशेतीची मऊ जमीन होती, तिला वरचं ओझं पेललं नाही. ठेकेदार आणि सल्लागार कंपनी, दोघांनाही नव्या कामांतून बाजूला ठेवलं गेलं. प्राधिकरणाने प्रकल्प संचालकाला निलंबित केलं आणि साइट इंजिनिअरची सेवा संपवली. शब्द नीट वाचा. संचालक निलंबित, म्हणजे चौकशीनंतर परत येऊ शकतो. साइट इंजिनिअर थेट घरी. आता जमिनीची धारणक्षमता न बघता तिथे पुलाऐवजी भराव घालायचा निर्णय साइटवरच्या माणसाने घेतला असेल का? तो निर्णय डिझाइनच्या टेबलावर झालेला असतो.

हे सगळं खान्देशात का लिहितोय? कारण आपण ज्या मातीवर उभे आहोत ती महाराष्ट्रातल्या सगळ्यात अवघड मातींपैकी आहे. काळी माती. कापसाला सोनं, रस्त्याला वैरी. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती फुगून वर येते. जास्त फुगणारी माती भरावात वापरायचीच नाही असं स्पेसिफिकेशन सांगतं, आणि रस्त्याच्या वरच्या भागात तर तिला प्रवेशच नाही. मग मुरूम लांबून आणावा लागतो, रॉयल्टी लागते, डिझेल लागतं. बाजूच्या शेतातली काळी माती मात्र फुकट. रात्री दोन डंपर कुठून भरून आले हे कोण बघतो? गंमत म्हणजे हीच काळी माती धरणाच्या गाभ्यात, हार्टिंगला, लागतेच, कारण पाणी अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही. तिथे उलटा प्रकार. गाभ्यात मुरूम गेला तर धरण झिरपणार. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका साइटवर जी माती चोरून टाकली तर गुन्हा, दुसऱ्या साइटवर तीच माती कमी टाकली तर गुन्हा. हे ओळखायला डोळा लागतो, आणि डोळा असलेला माणूस साइटवर लागतो.

तरसोद ते फागणे हा आपला ८७ किलोमीटरचा तुकडा. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, तेवढ्यात किती घरांतली माणसं त्या रस्त्यावर गेली ते तुम्हाला सांगायला नको. आपण आंदोलनं केली, निवेदनं दिली. पण आपली मागणी कायम एकच राहिली, काम लवकर करा. मीही त्या निवेदनांवर सही केली आहे. काम लवकर करा म्हणताना एकदाही आपण विचारलं नाही की थरांच्या तपासणीचं रजिस्टर दाखवा. मुदतीचा दाब वरून येतो तसा खालूनही येतो, आणि त्या दोन रोलरांच्या मधे साइटवरचा पोरगा असतो.

घाईचं काय होतं हे महाराष्ट्राला १९६१ पासून माहीत आहे. पानशेत मातीचंच धरण, काम पुरं झालेलं नसताना पावसाळ्यात पाणी अडवलं, आणि १२ जुलैला फुटलं.

साक्री तालुक्यात दातर्ती आहे. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नुकता लागलेला एक तरुण सहाय्यक अभियंता तिथे पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन टाकायला आला होता. पावसाळ्यात नदीने खोदकाम वाळूने भरून टाकलं. त्याने पावसापुरतं काम थांबवू म्हणून वर कळवलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही, त्यांनी तशी नाराजी लेखी कळवली. पोराने मग अडचणीतून वाट काढत काम पुरं केलं. ते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घालून आपण अभियंता दिन करतो, भाषणं करतो. पण "काम थांबवू" म्हणणारा कनिष्ठ अभियंता आजही खात्याला तेवढाच खुपतो. फरक एवढाच की विश्वेश्वरय्यांची नोकरी टिकली.

त्याच पांझरेवर आपल्या वाडवडिलांची फड पद्धत होती. पाणी कोणी, कधी घ्यायचं ते पाटकरी ठरवायचा. शेतकरी कितीही मोठा असो, स्वतःच्या हाताने बारं फोडायचं नाही. पाटकरी गावाने नेमलेला, मोबदला गावाचा, आणि शब्द त्याचा. जबाबदारी आणि अधिकार एकाच माणसाकडे. इंग्रजी शिकलेल्या आम्हा लोकांना हे करारात लिहिता येत नाही, याची मला लाज वाटते.

मला काय हवंय? थर तपासणारा माणूस "थांबा" म्हणाला तर काम थांबलं पाहिजे आणि त्या थांबण्याचा दंड त्याच्या नोकरीवर पडता कामा नये, हे करारात लिहा. सगळ्या आरएफआय आणि टेस्टचे आकडे, किलोमीटरनुसार, तारीख आणि जागेच्या फोटोसह लोकांना बघता येतील असे संकेतस्थळावर टाका. आज मोबाइलवर हे दहा मिनिटांचं काम आहे. एकदा आकडा बाहेर पडला की मागच्या तारखेची सही करणं अवघड होतं, पोरालाही आणि साहेबालाही. आणि दुर्घटना झाली तर अटकेआधी नाशिकच्या 'मेरी'सारख्या संस्थेचं किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचं तांत्रिक मत घ्या, ठरावीक दिवसांत घ्या, आणि त्यात मुदत कोणी ठरवली, डिझाइन कोणी मंजूर केलं, पत्रं कोणाच्या टेबलावर पडून होती, हेही लिहा.

माझे काही इंजिनिअर मित्र यावर खूश होतील, त्यांनी लगेच होऊ नये. आपली बिरादरी धुतल्या तांदळाची नाही. साइटवर न जाता एमबी भरणारे, टेस्टचे आकडे हॉटेलात बसून लिहिणारे, ९५.४, ९५.७, ९५.२ असे सुंदर आकडे ओळीने मांडणारे मी बघितलेत. खऱ्या मातीचे आकडे इतके शहाणे नसतात, एखादा थर ९२ येतोच, तो पुन्हा दाबावा लागतो. ज्या रजिस्टरमध्ये एकही थर नापास नाही, ते रजिस्टर मी सगळ्यात आधी संशयाने बघतो. अशांना शिक्षा झालीच पाहिजे. "दबाव होता" हे कारण सहीच्या आधी सांगायचं असतं, भराव खचल्यावर नाही.

तेच मी त्या पोराला सांगितलं. सही करू नको. साहेबाशी तोंडी भांडू नको. ईमेल लिही, दोनच ओळी: या तारखांना मी हजर नव्हतो, या थरांची तपासणी मी केलेली नाही, पुन्हा तपासणी करून द्यावी. प्रत स्वतःकडे ठेव. त्याने रात्री बाराला ईमेल केला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.

आपल्या भागातल्या महामार्गाच्या किंवा पाझर तलावाच्या कामाची तपासणी रजिस्टरं कोणी माहिती अधिकारात मागितली असतील, मिळाली असतील किंवा नाकारली असतील, तर खाली लिहा. धरण सुरक्षा कायदा २०२१ मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, १० ते १५ मीटरमधली काही येतात. आपले बहुतेक पाझर तलाव त्याच्या बाहेर राहतात, तेव्हा त्यांच्याकडे आपल्यालाच बघावं लागणार आहे. बांधावर झाड उगवलेलं, पायथ्याशी ओल आलेली दिसली तर फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या. पोच घ्या.

काल त्या पोराचा मेसेज आला. ईमेलला उत्तर आलं नाही. त्याची बदली दुसऱ्या पॅकेजवर झाली आहे, पगार तोच. त्या तीन थरांवर आता कोणाची सही आहे ते त्याला माहीत नाही. वर डांबराचा पहिला थर पडलाय म्हणे.